उशिरा आलेल्यांसाठी स्पायडर-मॅन: गावातल्या वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

11 मे 2025, रविवार

आमच्याच गावात वाढलेल्या आणि आता पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने पाठवलेली दोन खोकी एसटीच्या पार्सलने आर्वीपर्यंत आणि तेथून दुधाच्या गाडीने आज वाचनालयात पोहोचली. आत 96 सुटे अंक आणि 11 जाड पुस्तके आहेत, आणि जवळपास सर्व स्पायडर-मॅनची आहेत. काही अमेरिकेत छापलेली आहेत, काही गोथम कॉमिक्सने भारतात छापलेली आहेत, आणि क्रम कशालाच नाही. सोबतच्या चिठ्ठीत त्याने एवढेच लिहिले आहे की वाचायची गोडी याच वाचनालयाच्या कपाटाने लावली, म्हणून हे कपाटाला परत.

ग्रंथपाल काकांनी दाखल नोंदवहीत क्रमांक टाकायला सुरुवात केली आणि मध्येच मान वर करून विचारले, "पोरांले यातलं पह्यलं कोणतं द्याव, बेटा?" मला उत्तर देता आले नाही. सुट्टीतली मुले दुपारच्या उन्हात कुलरच्या ओढीने येथे येऊन बसतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला स्पायडर-मॅन माहीत आहे. पण माहीत आहे तो सिनेमातला आणि दप्तरावरचा. साठ वर्षांहून अधिक काळ चालू असलेली ही चित्रकथा नव्या वाचकाने कोठून धरावी, हे ठरवून तसा वाचनक्रम मराठीत तयार करण्याचे काम मी आजपासून अंगावर घेतले आहे. या नोंदी त्या कामाच्या आहेत.

14 मे 2025, बुधवार

तीन दिवस सर्व अंक जमिनीवर मांडून त्यांची यादी केली. पहिली योजना सरळ आहे: जे आधी छापले गेले ते आधी वाचायचे. स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला तो ऑगस्ट 1962च्या 'अमेझिंग फँटसी' या मासिकाच्या 15व्या अंकात. लेखन स्टॅन ली यांचे आणि चित्रे स्टीव्ह डिटको यांची. ती गोष्ट अवघ्या 11 पानांची आहे. ते मासिक त्याच अंकासोबत बंद पडले, पण गोष्ट वाचकांना इतकी भावली की मार्च 1963 पासून 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' ही स्वतंत्र मालिका सुरू झाली. आपल्याकडे ही सुरुवात आहे, कारण खोक्यात 'इसेन्शियल' नावाच्या जाड संग्रहांचे पहिले दोन खंड निघाले. त्यांत रंग नाहीत, कागद वर्तमानपत्रासारखा आहे, पण एकेका खंडात वीसहून अधिक अंक आहेत. पहिल्या खंडात ती 11 पाने आणि मालिकेचे पहिले 20 अंक आहेत, दुसऱ्यात 21 ते 43.

उद्यापासून पाच मुलांना पहिला खंड रोज थोडा थोडा मिळून वाचायला देणार आहे.

25 मे 2025, रविवार

पहिली योजना फसली, आणि ती का फसली ते नीट लिहून ठेवणे आवश्यक आहे.

मूळ 11 पाने मुलांनी आवडीने वाचली. स्पायडर-मॅन होणारा मुलगा म्हणजे पीटर पार्कर. त्याच्या बेन काकांचा खून करणारा चोर म्हणजे पीटरने आधी जाऊ दिलेलाच माणूस, हे समजले तेव्हा सातवीतल्या एका मुलाने पुस्तक खाली ठेवून "अरे!" एवढेच म्हटले. त्यानंतर मात्र वाचन जड होत गेले. त्या काळातल्या चित्रकथेत शब्दांची दाटी फार आहे. एक माणूस भिंतीवर चढत असतो, चित्रात ते दिसत असते, वरच्या चौकटीत निवेदक तेच सांगतो आणि विचारांच्या ढगात तो माणूसही पुन्हा तेच म्हणतो. चित्रकथेतली इंग्रजी बहुतेक मोठ्या लिपीतच लिहिलेली असते, आणि आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांना ती अक्षरे ओळखता येतात, पण ओळखणे आणि समजणे यांत अंतर आहे. एका पानाला वीस मिनिटे लागू लागली. पाचव्या अंकाला दोन मुले गळली, नवव्याला आणखी दोन. उरलेल्या एका मुलीने सरळ विचारले, "ताई, हे सगळं संपल्यावरच नवीन वाचता येते काय?"

याच प्रश्नात माझी चूक होती. मुलांच्या मनात मीच असे भरवले होते की आधीचे सारे वाचून झाल्याशिवाय पुढच्याला हात लावण्याचा अधिकार मिळत नाही. मुख्य मालिकेचेच नऊशेहून अधिक अंक झाले आहेत, आणि तिच्याबरोबर निघालेल्या इतर मालिका धरल्या तर हा आकडा कितीतरी वाढतो. रोज एक अंक वाचणाऱ्यालाही त्यात वर्षे जातील. कोणत्याही नवख्याला ही अट घालणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे आहे.

8 जून 2025, रविवार

या आठवड्यात मुलांना बाजूला ठेवून मोठ्यांशी बोलले. गावातले आता चाळिशी-पंचेचाळिशीत असलेले अनेक जण हिंदीतल्या राज कॉमिक्सवर वाढलेले आहेत. नागराज 1986 साली आला, सुपर कमांडो ध्रुव त्याच्या पुढच्या वर्षी. नागराजची सुरुवातीची चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी काढली होती, हे येथे कोणालाच ठाऊक नव्हते आणि सांगितल्यावर सर्वांना त्याचे अप्रूप वाटले. हे अंक पुलगाव स्टेशनवरच्या स्टॉलवर विकत मिळत आणि आर्वीच्या एका दुकानात एका दिवसाच्या भाड्याने मिळत. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुम्ही पहिला कोणता अंक वाचला? एकानेही मालिकेचा पहिला अंक सांगितला नाही. ज्याच्या हाती जो आला तो त्याने वाचला. "मधातूनच वाचाचो आम्ही. हा कोण, तो कोण, हे आपोआप समजत जाये," असे एका शेतकऱ्याने सांगितले, आणि त्याच वेळी नागराजच्या अंगात राहणाऱ्या सापांची नावे घडाघडा म्हणून दाखवली.

त्याहून मोलाची गोष्ट ग्रंथपाल काकांकडून मिळाली. ते इंद्रजाल कॉमिक्सचे वाचक. ही मालिका 1964 ते 1990 या काळात निघाली आणि मराठीतही निघत असे. ली फॉक यांनी 1936 साली निर्माण केलेला फँटम तिच्यात वेताळ या नावाने येत असे. काकांना आठवते ते असे: गोष्ट कोणतीही असो, सुरुवातीला दोन-तीन चौकटींत वेताळाचे मूळ पुन्हा सांगितलेले असे. समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एकटा माणूस, वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मुखवटा आणि आजचा एकविसावा वेताळ. जे वाचक उशिरा आले असतील त्यांच्यासाठी तेवढी ओळख करून दिली की लगेच गोष्ट सुरू. जुन्या वाचकाला त्याचा कंटाळा येत नसे आणि नव्याला आपण परके आहोत असे वाटत नसे. काका म्हणाले, "आम्हाले कोणीच नाही म्हटलं का तू पाह्यलेपासून ये."

प्रकल्पाचे नाव आजपासून 'उशिरा आलेल्यांसाठी' असे ठेवले आहे. मालिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचायची नसून तिच्यात शिरण्याची काही दारे शोधायची आहेत, आणि प्रत्येक दाराशी वेताळाच्या त्या चौकटींसारखे एक छोटे कार्ड ठेवायचे आहे.

29 जून 2025, रविवार

शाळा सुरू झाल्या. वाचनालयाची वेळ पुन्हा संध्याकाळची झाली.

आज अंकांच्या क्रमांकांचा गुंता सोडवला, आणि तो मुलांनीच सोडवला. खोक्यात 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चे क्रमांक 1 असलेले तीन वेगवेगळे अंक निघाले. नव्या वाचकाचा पहिला गोंधळ येथेच होतो, कारण त्याला वाटते की क्रमांक 1 म्हणजे सुरुवात. वस्तुस्थिती अशी आहे की 1963 साली सुरू झालेली गणती 1998 साली 441व्या अंकावर थांबवली गेली आणि 1999 पासून पुन्हा 1, 2, 3 अशी सुरू झाली. हा दुसरा फेरा 58व्या अंकापर्यंत गेला आणि त्यानंतरच्या अंकावर एकदम 500 छापले गेले. हे मी सांगितले तेव्हा आठवीतल्या मुलाने पाटीवर 441 अधिक 58 अशी बेरीज मांडली, 499 आले, आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. म्हणजे मधले अंक कोठे हरवले नव्हते, फक्त मोजणे बदलले होते. पुढे 2012 साली 700वा अंक निघाला, मग पुन्हा 1, मग 2017 साली जुन्या गणतीने 789, आणि 2018 साली 801व्या अंकानंतर परत 1. त्या नव्या 1च्या मुखपृष्ठावर बारीक अक्षरांत 802 हा जुना क्रमांकही छापलेला आहे. तो कोठे पाहायचा हे मुलांना दाखवले.

प्रकाशक नवा क्रमांक 1 काढतो तो प्रामुख्याने नव्या वाचकाला बोलावण्यासाठी. तेव्हा बहुधा लेखक बदललेला असतो आणि तो आपली गोष्ट नव्याने मांडून सुरुवात करतो. म्हणून माझे मत असे झाले आहे की नव्या वाचकाने अंकाच्या क्रमांकाकडे न पाहता लेखकाच्या नावाकडे पाहावे. एक लेखक सलग जेवढे अंक लिहितो तेवढा पट्टा हेच वाचनाचे खरे माप आहे. डिटको यांची चित्रे 38व्या अंकापर्यंत आहेत आणि 39व्यापासून जॉन रोमिटा यांची सुरू होतात. अंक पुढेमागे उलटून पाहिले तर पीटरचा चेहराच बदललेला दिसतो. 2001 पासून जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांचा पट्टा आहे आणि डॅन स्लॉट यांचा 2018 पर्यंत चाललेला पट्टा तर सुमारे दहा वर्षांचा आहे. यांतले कोणतेही टोक धरून आत शिरता येते.

7 जुलै 2025, सोमवार

वाचनालयाच्या निधीतून 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' या वेगळ्या मालिकेचा पहिला खंड मागवला होता. ऑनलाइन विक्रेत्याने तिसरा पाठवला. तक्रार केली, तेव्हा समजले की त्याच्या यादीतच खंड आणि मालिका यांची गल्लत झालेली आहे. परत पाठवण्यासाठी आर्वीला दोन फेऱ्या झाल्या. यातून कार्डासाठी एक उपयुक्त सूचना मिळाली: 'व्हॉल्यूम' हा शब्द दोन अर्थांनी येतो. कधी तो मालिकेचा कितवा फेरा आहे हे सांगतो आणि कधी एकत्र बांधलेल्या अंकांचे कितवे पुस्तक आहे हे सांगतो. पुस्तक मागवताना आत कोणते अंक आहेत ती ओळ वाचूनच मागवावे.

20 जुलै 2025, रविवार

पाऊस थांबलेला नाही. वीज दुपारपासून नव्हती, म्हणून खिडकीशी बसून सुटे अंक लावले. आज दोन अडचणी हाताळल्या.

पहिली अडचण मुख्य मालिकेच्या 293 आणि 294 या 1987च्या अंकांची. दोन्ही एकामागोमाग ठेवून वाचले तरी गोष्ट तुटक लागते. एकात क्रॅव्हन नावाचा शिकारी स्पायडर-मॅनचा पोशाख घालून फिरतो, दुसऱ्यात तो सगळा डाव संपवून बसलेला आहे. कारण असे की त्या काळात स्पायडर-मॅनच्या तीन मासिक मालिका एकाच वेळी निघत होत्या आणि ही सहा भागांची गोष्ट तिघींत वाटलेली होती. आपल्याकडे आहेत ते दुसरा आणि पाचवा भाग. नव्या वाचकाला अशी अर्धी गोष्ट हाती पडली तर तो स्वतःला दोष देतो आणि आपल्यालाच समजत नाही असे मानून पुस्तक मिटतो, हे मी याच महिन्यात दोनदा पाहिले. अशा गोष्टी एकत्र बांधलेल्या पुस्तकातूनच वाचाव्यात, सुट्या अंकांतून वाचू नयेत, असे कार्डावर लिहिणार आहे.

ही गोष्ट जे. एम. डीमॅटिस यांनी फार ताकदीने लिहिली आहे, तरीही मी ती मुलांच्या कपाटात ठेवणार नाही. तिच्या शेवटी क्रॅव्हन आत्महत्या करतो. आमच्या भागातल्या कित्येक घरांनी हे दुःख प्रत्यक्ष सोसलेले आहे आणि आमच्या वाचक मुलांतही अशा घरातली मुले आहेत. हे दोन अंक काकांच्या टेबलाच्या खणात ठेवले आहेत. प्रौढ वाचकाने मागितले तर आधी दोन शब्द बोलूनच द्यायचे असे आम्ही ठरवले आहे.

दुसरी अडचण लग्नाची. एका अंकात पीटर आणि मेरी जेन नवरा-बायको आहेत, त्यापेक्षा कितीतरी नंतरच्या अंकात ती दोघे अविवाहित आहेत, आणि घटस्फोटाचा कोठे उल्लेख नाही. पाचवीतल्या मुलीने ही गोष्ट पकडली आणि पुरावा म्हणून दोन्ही पाने उघडून माझ्यासमोर ठेवली. लग्न 1987च्या वार्षिक अंकात झाले. पुढे 2007 साली एका कथेत पीटरला वाढवणाऱ्या मे काकूंचा, म्हणजे बेन काकांच्या पत्नीचा, जीव वाचवण्यासाठी पीटर आणि मेरी जेन यांनी मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा केला आणि त्याची किंमत म्हणून ते लग्न कधी झालेच नव्हते असे जग बदलले. अनेक जुन्या वाचकांना हे आजही मान्य नाही, आणि मलाही ते पटत नाही, कारण वीस वर्षे सोबत चाललेल्या दोन माणसांचे नाते कथेच्या सोयीसाठी पुसले गेले. पण त्यानंतर लगेच येणारा 546वा अंक नव्या वाचकासाठी मुद्दाम सोपा लिहिलेला आहे, त्यात लोकांची ओळख नव्याने करून दिलेली आहे आणि तो आपल्याकडे आहे. म्हणून मन घट्ट करून त्यालाही एक दार मानले.

मुलीला मी एवढेच सांगितले की ही कथा अनेक लेखकांनी मिळून लिहिलेली आहे आणि नंतरचा लेखक कधी कधी आधीचे बदलतो. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आजी सांगते तसं. दरवेळी थोडं येगळं."

10 ऑगस्ट 2025, रविवार

आजची नोंद या प्रकल्पातली सर्वात महत्त्वाची आहे, कारण तिने माझा दुसरा आग्रहही मोडला. मे महिन्यात फसल्यावर मी मनाशी ठरवून टाकले होते की जुने अंक नव्या वाचकांसाठी नाहीतच.

संध्याकाळी सहावीतली एक मुलगी 'इसेन्शियल'चा दुसरा खंड उगाच चाळत होती. इंग्रजी तिला फारसे येत नाही आणि मे महिन्यातल्या त्या पाच मुलांत ती नव्हती. चाळता चाळता ती 33व्या अंकाशी थांबली. हा फेब्रुवारी 1966चा अंक आहे. स्पायडर-मॅन पाण्याखालच्या एका अड्ड्यात प्रचंड यंत्राखाली दबलेला आहे, छतातून पाणी गळते आहे, आणि मे काकूंना वाचवणारे औषध समोर जमिनीवर पडलेले आहे, पण हाताच्या पोहोचेबाहेर. डिटको यांनी ही काही पाने कशी रचली आहेत ते मी तिच्या शेजारी बसून पहिल्यांदाच नीट पाहिले. सुरुवातीच्या चौकटी अरुंद आहेत, त्यांत माणूस मावत नाही, फक्त वाकलेली मान आणि पाठ दिसते. तो जोर लावतो, खचतो, पुन्हा लावतो. प्रत्येक प्रयत्नाबरोबर चौकट थोडी मोठी होत जाते, यंत्र थोडे वर सरकते, आणि पान उलटले की एकच चित्र अख्ख्या पानभर: तो यंत्र दोन्ही हातांनी उचलून उभा राहिलेला.

ती मुलगी पान उलटण्याआधी खूप वेळ थांबली होती. शब्द तिने वाचलेच नव्हते. मी विचारले की काय चालले आहे ते समजले का. ती म्हणाली, "त्याले उठाच लागते, ताई. घरी कोणीतरी बिमार आहे त्याच्या."

मे काकू कोण हे तिला माहीत नव्हते. आधीचे 32 अंक तिने वाचले नव्हते. तरी तिने गोष्टीचे मर्म अचूक धरले. जुने की नवे, पहिला अंक की पाचशेवा, हा प्रश्नच मी चुकीचा विचारत होते. जी गोष्ट स्वतःचे वजन स्वतः पेलते ती कोणत्याही वर्षाची असो, ते दार होऊ शकते. 31 ते 33 ही तीन अंकांची गोष्ट आता आपल्या यादीत आहे.

23 ऑगस्ट 2025, शनिवार

आज तान्हा पोळा. मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन मारुतीच्या पारापाशी जमली. त्यांतल्या एकाने स्पायडर-मॅनचा मुखवटा घातला होता आणि बैलाच्या शिंगांना लाल-निळे बेगड लावले होते. बोजारा, म्हणजे या दिवशी मुलांना मिळणारी भेट, घेऊन झाल्यावर पाच-सहा जण तसेच वाचनालयात आले, म्हणून त्यांना आज 'स्पायडर-मॅन इंडिया' दिले.

ही गोथम कॉमिक्सने 2004 साली काढलेली अवघ्या चार अंकांची मालिका आहे. हिच्यातला नायक पवित्र प्रभाकर हा खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला शिकायला गेलेला मुलगा आहे, त्याचे भीम काका आणि माया काकू त्याच्यासोबत आहेत, शाळेत त्याच्या कपड्यांवरून त्याची टिंगल होते, आणि त्याला शक्ती मिळते ती एका योग्याकडून. पोशाखात चक्क धोतर आहे. जीवन कांग यांची चित्रे आहेत. गोष्ट म्हणून पाहिले तर ती घाईत संपते असे मला वाटते आणि खलनायकांना पुरेशी जागा मिळत नाही. पण दार म्हणून तिच्याइतके सोपे दुसरे नाही: आधीचे काही वाचलेले असण्याची गरज नाही, आणि चार अंकांत ती पूर्ण होते. ज्या घरातला मोठा भाऊ शिक्षणासाठी नागपूरला किंवा पुण्याला गेलेला आहे, त्या घरातल्या मुलाला यात काहीही समजावून सांगावे लागले नाही.

14 सप्टेंबर 2025, रविवार

कार्डाचा नमुना पक्का झाला. आधी मी प्रत्येक कार्डावर मागची सर्व हकीगत लिहीत होते आणि एकेक कार्ड दोन पानांचे होत होते. काकांनी ते वाचून सांगितले की हे कार्ड वाचायलाच वेगळे कार्ड लागेल. त्यांचे बरोबर होते. वेताळाला दोन-तीन चौकटी पुरत होत्या. आता कार्डावर पाचच ओळी आहेत, आणि त्यांतली एक ओळ अशी आहे जी मला कोठल्याही वाचनक्रमात सापडली नाही: कोठे थांबले तरी चालेल. नव्या वाचकाला सुरुवातीपेक्षा शेवट नसण्याची भीती अधिक असते. ही गोष्ट या अंकाला पूर्ण होते आणि पुढचे वाचले नाही तरी तुमचे काही राहिले असे होत नाही, हे त्याला आधी सांगितले की तो निर्धास्तपणे पुस्तक उचलतो.

नमुन्यादाखल 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'चे कार्ड येथे उतरवते. योग्य खंड शेवटी ऑगस्टमध्ये आला.

"आधी काय वाचायला हवे: काहीही नाही. कोण कोण: पीटर पार्कर, वय 15, आईवडील नाहीत, काका-काकूंकडे राहतो. येथे काय सुरू होते: कोळी चावणे, शक्ती, आणि काकांचा मृत्यू, हे सर्व नव्याने. कोठे थांबले तरी चालेल: सातव्या अंकाला पहिली गोष्ट पूर्ण होते. पुढे काय: आवडले तर याच लेखक-चित्रकाराचे पुढचे अंक."

ही मालिका 2000 साली ब्रायन मायकेल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी सुरू केली, आणि प्रकाशकाने ती जुन्या कथेचे ओझे नसलेल्या वेगळ्या जगात घडवली. 1962 साली 11 पानांत उरकलेले येथे सात अंकांत घडते, त्यामुळे बेन काका वाचकाला जवळचे होतात आणि गेल्यावर खरोखर गेल्यासारखे वाटतात. येथला पीटर वर्तमानपत्राला छायाचित्रे विकण्याऐवजी त्याच्या संकेतस्थळाचे काम करतो, हे मुलांना चटकन समजले. दोघांनी मिळून सलग 111 अंक केले, म्हणजे हवे तेवढे पुढे जाण्याची सोयही आहे. याच जगात 2011 साली पीटरनंतर माइल्स मोरालेस हा दुसरा मुलगा स्पायडर-मॅन झाला, आणि सिनेमातून माइल्सला ओळखणाऱ्यांसाठी तेथेच एक वेगळे कार्ड लावले आहे.

एक इशारा लाल शाईने लिहिला आहे: याच नावाची दुसरी मालिका जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली, तिचा या मालिकेशी कथेपुरता संबंध नाही. ती जोनाथन हिकमन यांची आहे आणि तिच्यात पीटर हा दोन मुलांचा बाप झाल्यावर, बऱ्याच उशिरा, स्पायडर-मॅन होतो. पुढच्या खरेदीत ती घ्यावी असे मी समितीला लिहून दिले आहे, कारण नागराज वाचलेल्या आमच्या पिढीच्या वाचकांनी आत येण्यासाठी तेच दार योग्य आहे.

5 ऑक्टोबर 2025, रविवार

सोयाबीनची काढणी सुरू आहे. मोठी मुले शेतात आहेत, वाचनालयात तुरळक वाचक. आठ दारांची कार्डे लिहून, वरून पारदर्शक प्लास्टिक लावून कपाटात अडकवली. सुटे अंक आता क्रमांकाने न लावता लेखकांच्या पट्ट्यांनी लावले आहेत. जे अंक कोणत्याच दारात बसत नाहीत, असे 31 अंक, त्यांची एक टोपली केली आहे आणि तिच्यावर 'कुठूनही उघडा' असे लिहिले आहे. सर्वात जास्त हात त्या टोपलीतच जातात, हे नोंदवून ठेवते.

26 ऑक्टोबर 2025, रविवार

दिवाळीची सुट्टी असल्याने वाचक वाढले. 33व्या अंकाशी थांबलेली ती मुलगी आज परत आली. मधल्या काळात तिने 31 आणि 32 वाचले, मग 'स्पायडर-मॅन इंडिया', मग अल्टिमेटचे सातही अंक भावाला शेजारी बसवून. आज ती थेट टेबलाशी आली आणि तिने विचारले की ही काकू इतकी आजारी होती आणि हा तिच्यासाठी एवढे करत होता, तर काका कोठे होते, आणि जुन्या पुस्तकात हे पहिल्यांदा कोठे लिहिले आहे.

मी तिला 'इसेन्शियल'चा पहिला खंड काढून दिला. मे महिन्यात गळालेल्यांपैकी एक मुलगा शेजारीच होता. तो तिला म्हणाला, "सुरुवातीची अकरा पानं वाच, भारी आहेत." काकांनी नोंदवहीत तिचे नाव आणि दाखल क्रमांक लिहिला, परतीची तारीख 9 नोव्हेंबर टाकली, आणि ती खिडकीशी जाऊन बसली.